पुस्तकातले मीठ

काही वर्षांपूर्वी रायगड जिल्ह्यात माध्यमिक शिक्षकांचे एक शिबिर होते. संयुगांचे गुणधर्म वर्गात कसे मांडावेत, या विषयावर आम्ही तेथे बोललो आणि उदाहरणासाठी सोडियम क्लोराइडचा धडा घेतला. बोलणे संपल्यावर मागच्या बाकावरचे एक शिक्षक उठून म्हणाले, "सर, आमच्या घरचं मिठागर होतं. वडील आणि चुलते दोघांनीही जन्मभर तेच काम केलं. पुस्तकात मीठ तयार करण्याच्या तीन रीती दिल्या आहेत. पहिल्या दोन माझ्या वडिलांनी कधी ऐकल्याही नसतील. आणि तिसरी, पुस्तकात लिहिली आहे तशी केली असती, तर आमचं मीठ गिऱ्हाइकानं परत आणून दिलं असतं."

सगळे हसले, आम्हीही हसलो. पण हे वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. परत आल्यावर आम्ही शाळेची व कनिष्ठ महाविद्यालयाची हाती येतील तेवढी रसायनशास्त्राची पुस्तके आणि मार्गदर्शिका गोळा केल्या आणि मिठाचा धडा तेवढा सगळ्यांतून वाचून काढला. पुस्तकांची नावे येथे मुद्दामच देत नाही. दोष एखाद्या पुस्तकाचा नाही. एकातला धडा दुसऱ्यात ठेवला तर वाचणाऱ्याला फरक कळणार नाही, इतका तो एकसारखा आहे. म्हणून हे परीक्षण पुस्तकाचे न होता एका धड्याचे होत आहे.

धड्याचा सांगाडा ठरलेला असतो. आधी रासायनिक सूत्र, मग 'निर्मिती', मग 'गुणधर्म', शेवटी 'उपयोग'. निर्मितीखाली तीन गोष्टी येतात. सोडियम धातू क्लोरीन वायूत जाळला की सोडियम क्लोराइड मिळते. कॉस्टिक सोडा आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांच्या उदासिनीकरणाने ते मिळते. आणि समुद्राचे पाणी आटवले की ते मिळते. पहिल्या दोहोंना समीकरणे असतात, तिसऱ्याला समीकरण नसल्यामुळे दीड ओळ मिळते.

पहिल्या दोन रीतींकडे पाहू. सोडियम धातू येतो कोठून? वितळलेल्या सोडियम क्लोराइडचे विद्युत अपघटन करून. शुद्ध मीठ ८०१ अंश सेल्सिअसला वितळते. कारखान्यात त्यात कॅल्शियम क्लोराइड मिसळून हे तापमान सुमारे ६०० अंशांपर्यंत खाली आणतात आणि मग वीज सोडतात. क्लोरीनही मिठातूनच येतो. कॉस्टिक सोडा? मिठाच्या संपृक्त द्रावणातून वीज सोडून. हायड्रोक्लोरिक आम्ल? त्याच कारखान्यात बाहेर पडणारे हायड्रोजन आणि क्लोरीन एकत्र जाळून, किंवा मिठावर गंधकाम्लाची क्रिया करून. म्हणजे पुस्तकातल्या निर्मितीच्या दोन्ही रीती मिठापासून मीठ तयार करण्याच्या आहेत. मध्ये वीज, भट्टी आणि दोन घातक पदार्थ खर्ची पडतात, आणि अखेरीस हाती येते ते सुरुवातीला पोत्यात होते तेच.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. उदासिनीकरण ही मूलभूत कल्पना आहे, ती मुलांना कोठेतरी शिकवायला हवीच. आम्हाला मान्य आहे. आम्ल आणि आम्लारी यांच्या धड्यात हा प्रयोग जरूर करावा. ब्युरेटमधून आम्ल थेंबाथेंबाने सोडून, शेवटी द्रावण आटवून, बशीत चमकणारे बारीक घनाकार स्फटिक मुलांना भिंगातून दाखवावेत. हा प्रयोग सुंदर आहे. आमची तक्रार त्याच्या मथळ्याबद्दल आहे. त्याला 'निर्मिती' म्हटले की, मीठ हा पदार्थ माणसाने आम्ल आणि अल्क एकत्र करून घडवला आहे, असा समज मुलाच्या मनात बसतो. हे आम्ही कल्पनेने म्हणत नाही. मीठ कसे मिळते, असे आम्ही दहावी झालेल्या मुलांना अधूनमधून विचारत असतो. समुद्रकाठची मुलेसुद्धा आधी समीकरण सांगतात आणि समुद्र त्यांना नंतर आठवतो.

आता ती तिसरी, दीड ओळीची रीत. 'समुद्राचे पाणी आटवले की मीठ मिळते.' शिबिराच्या दुसऱ्या दिवशी आम्ही खाडीचे दोन लिटर पाणी आणवून ही ओळ शब्दशः अमलात आणली. एक लिटर पाणी पातेल्यात पूर्ण आटेपर्यंत उकळले. तळाशी मळकट पांढरा, ओलसर लगदा राहिला. ज्यांनी जिभेला लावून पाहिला त्यांनी तोंड वाकडे केले, कारण खारटपणाच्या मागोमाग कडवटपणा येत होता. लगदा कोरडा व्हावा म्हणून आणखी तापवला, तेव्हा आम्लाचा झणझणीत वास सुटला. संध्याकाळपर्यंत तो उघडा ठेवला, तर बशीत पाणी सुटले. त्या शिक्षकांचे म्हणणे शब्दशः खरे ठरले.

यात चूक कोठे झाली? समुद्राचे पाणी म्हणजे मिठाचे द्रावण नव्हे. एक किलो सागरजलात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांतले साधारण २७ ग्रॅम सोडियम क्लोराइड धरता येते. उरलेल्या आठ ग्रॅमांत मॅग्नेशियमचे क्लोराइड व सल्फेट, कॅल्शियम सल्फेट, पोटॅशियमचे क्षार, थोडे कार्बोनेट आणि थोडे ब्रोमाइड असते. (नेमके बोलायचे तर पाण्यात क्षार नसतातच, आयन असतात; कोणता आयन कोणाबरोबर बाहेर पडेल, हे आटवताना ठरते.) सगळे पाणी आटवले की हे सगळे एकत्र तळाशी बसते. कडवटपणा मॅग्नेशियमचा. बशीत सुटलेले पाणीही त्याचेच. आणि तो आम्लाचा वास? मॅग्नेशियम क्लोराइडच्या स्फटिकात पाण्याचे सहा रेणू असतात. तापवले की हे पाणी मुकाट्याने निघून जात नाही. ते क्लोराइडशी क्रिया करते आणि हायड्रोजन क्लोराइड वायू बाहेर पडतो.

मग मिठागरात काय करतात? खरी निर्मिती तेथे आहे, आणि आमच्या मते संपूर्ण धड्यातला शिकवण्याजोगा भाग तोच आहे. उधाणाच्या भरतीचे पाणी बांधातून आत घेतात आणि उथळ वाफ्यांच्या एका मालिकेतून पुढेपुढे नेतात. उन्हाने आणि वाऱ्याने पाणी आटत जाते, त्याची घनता वाढत जाते. ही घनता मोजायला घनतामापी असतो, दूध तपासायच्या लॅक्टोमीटरचा भाऊच म्हणा. त्यावरचे अंश बोमे या नावाने ओळखले जातात. समुद्राचे पाणी ३ ते ३.५ अंश बोमे भरते. प्रथम थोडे कॅल्शियम कार्बोनेट खाली बसते. पाणी मूळच्या एकपंचमांशाच्या आसपास आले, म्हणजे सुमारे १३ अंशांच्या पुढे गेले, की जिप्सम बाहेर पडू लागते. पाणी एकदशांश उरले, घनतामापी २५ अंशांवर आला, की मीठ पडायला सुरुवात होते. तोवर बहुतेक जिप्सम मागच्या वाफ्यांत राहून गेलेले असते. हे जाड झालेले पाणी मग मिठाच्या वाफ्यांत घेतात.

इथपर्यंत अंदाज कोणालाही करता येईल. पुढचे पाऊल मात्र पुस्तकातल्या ओळीच्या अगदी उलट आहे. पाणी पूर्ण आटू देत नाहीत. घनतामापी २९-३० अंशांच्या जवळ आला की वाफ्यात पाणी असतानाच मीठ ओढून घेतात आणि उरलेले कडू पाणी सोडून देतात. कारखान्यांत या पाण्याला बिटर्न म्हणतात. अजून बरेच मीठ त्या पाण्यात शिल्लक असते, तरीही ते सोडायचे. कारण येथून पुढे मिठाबरोबर मॅग्नेशियमचे क्षारही बसू लागतात. केव्हा थांबायचे, हे कळणे म्हणजेच मीठ तयार करणे. 'आटवले की मिळते' या शब्दांत नेमके हेच गळते.

सागरजल आटवताना कोणता क्षार कधी बाहेर पडतो, हा क्रम १८४९ मध्ये उसिग्लिओ या रसायनज्ञाने भूमध्य समुद्राचे पाणी घेऊन मोजला. त्याचे आकडे आजही आधाराला घेतले जातात. मिठागरे अर्थातच त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होती.

शिबिरातल्या दुसऱ्या लिटरचे आम्ही असेच केले. मंद आचेवर पाणी २०० मिलिलिटरपर्यंत आणून थोडा वेळ ठेवले आणि गाळले. मग ते आणखी आटवत असताना अधूनमधून गाळत गेलो. १०० मिलिलिटरच्या सुमारास पृष्ठभागावर छोटे चौकोनी स्फटिक तरंगू लागले. साधारण ३० मिलिलिटर उरल्यावर थांबलो, स्फटिक गाळून घेतले आणि बाजारच्या मिठाच्या संपृक्त द्रावणाच्या थोड्या थेंबांनी धुतले. संपृक्त द्रावणात मीठ आणखी विरघळू शकत नाही, पण मॅग्नेशियम क्लोराइड विरघळू शकते. म्हणून धुताना मीठ जागेवर राहते आणि कडूपणा निघून जातो. हे मीठ खाण्याजोगे पांढरे निघाले. वर्गात करायचे असेल तर फेब्रुवारी ते मे या काळातले पाणी घ्यावे. पावसाळ्यात खाडीत गोडे पाणी फार असते. घनतामापी नसला तरी अडत नाही. २५ अंश बोमे म्हणजे घनता सुमारे १.२१; मोजपात्र आणि तराजू असला की झाले. किनाऱ्यापासून दूरच्या शाळांनी एक लिटर पाण्यात २७ ग्रॅम मीठ, ७ ग्रॅम एप्सम सॉल्ट आणि असल्यास ५ ग्रॅम स्फटिकी मॅग्नेशियम क्लोराइड विरघळवावे. जिप्सम सोडले तर बाकीची सगळी गंमत दिसते.

आता 'गुणधर्म' हा भाग. येथे दहा-बारा गुण एकाखाली एक लिहिलेले असतात. पांढरा, स्फटिकी, चवीला खारट, पाण्यात विद्राव्य, द्रवणांक अमुक, वितळल्यावर वीज वाहून नेतो. एकही चूक नाही, आणि एकाचा दुसऱ्याशी संबंधही नाही. किराण्याच्या यादीत साबणाचा गुळाशी जेवढा संबंध असतो तेवढाच.

विद्राव्यतेचेच उदाहरण घ्या. 'पाण्यात विद्राव्य' या दोन शब्दांनंतर पुस्तक पुढच्या गुणाकडे वळते. पण या गुणात एक विलक्षण गोष्ट आहे. १०० ग्रॅम पाण्यात ० अंशाला ३५.७ ग्रॅम, २० अंशांना ३६ ग्रॅम आणि १०० अंशांना ३९ ग्रॅम मीठ विरघळते. पाणी गोठणबिंदूपासून उत्कलनबिंदूपर्यंत नेले तरी फरक साडेतीन ग्रॅमांचाही नाही. पोटॅशियम क्लोराइड हे मिठाचे सख्खे भावंड, पण त्याची विद्राव्यता याच अंतरात २८ वरून ५६ वर, म्हणजे दुप्पट होते. सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, १३ ग्रॅमांवरून २४० ग्रॅमांच्याही पुढे जातो. म्हणून सोरा गरम पाण्यात विरघळवून थंड केला की ढीगभर स्फटिक मिळतात. मिठाचे गरम संपृक्त द्रावण थंड करून पाहा. तळाशी चिमूटभर मीठ दिसले तर नशीब. मीठ मिळवायचे तर पाणी उडवावेच लागते, दुसरी सोपी वाट नाही. कोकणातले ऊन आणि वारा मिठागराला का हवा, याचे उत्तर या तीन आकड्यांत आहे. गुणधर्म आणि निर्मिती हे दोन वेगळे मथळे केल्यामुळे हे दोन्हीकडून निसटले.

काही पुस्तकांत शुद्धीकरणाची एक रीत असते, तिचे कौतुक करायला हवे. मिठाच्या संपृक्त द्रावणात हायड्रोजन क्लोराइड वायू सोडला की शुद्ध मीठ खाली बसते. क्लोराइड आयनांची गर्दी वाढल्यामुळे सोडियम क्लोराइड बाहेर ढकलले जाते. मॅग्नेशियम क्लोराइड अधिक विद्राव्य आणि प्रमाणाने थोडे, म्हणून ते द्रावणातच राहते. येथे गुणधर्माचा उपयोग कृतीत झालेला दिसतो. दुर्दैवाने हा परिच्छेद बहुधा 'अधिक माहितीसाठी' अशा चौकटीत असतो आणि चौकटी परीक्षेला नसतात.

यानंतर पुस्तक मिठाच्या अंतरंगात शिरते, आणि येथे आमचे मतभेद थोडे तीव्र आहेत. 'सोडियम एक इलेक्ट्रॉन देऊन टाकतो, क्लोरीन तो घेतो, दोघांचीही बाह्य कक्षा पूर्ण होऊन ते स्थिर होतात.' हे वाक्य आम्ही स्वतः शाळेत पाठ केले आणि कित्येक वर्षे त्यावर विश्वासही ठेवला. आता हिशेब मांडून पाहू. सगळे आकडे किलोज्यूल प्रति मोल. घन सोडियमचे सुटे अणू करायला १०७ लागतात. क्लोरीनच्या रेणूतून एक मोल सुटे अणू करायला १२१ लागतात. सोडियमच्या अणूतून इलेक्ट्रॉन काढायला ४९६ लागतात. तो इलेक्ट्रॉन क्लोरीनने घेतला की ३४९ परत मिळतात. म्हणजे खर्च ७२४ आणि जमा ३४९. खात्यात ३७५ ची तूट. सोडियम काही राजीखुशीने इलेक्ट्रॉन देत नाही, आणि नुसत्या देवघेवीने स्थिरताही येत नाही. सुटे आयन एकत्र येऊन स्फटिकाची जाळी रचतात तेव्हा ७८७ बाहेर पडतात, त्यातून तूट भरून निघते आणि वर ४१२ उरतात. प्रत्यक्ष मोजमाप ४११ आहे. संयुग टिकते ते जाळीमुळे.

हा ७८७ चा आकडा एकदा हाती आला की यादीतले सुटे गुण एकमेकांना धरू लागतात. जाळी इतकी घट्ट, म्हणून द्रवणांक ८०१ अंश. आयन जागच्या जागी जखडलेले, म्हणून घन मीठ वीज वाहत नाही, वितळलेले वाहते. पाण्यात टाकल्यावर जाळी मोडायला ७८७ लागतात, पण पाण्याचे रेणू आयनांना वेढतात तेव्हा सुमारे ७८३ परत मिळतात. खर्च आणि जमा जवळजवळ सारखे; म्हणून मीठ विरघळताना पाणी अगदी किंचित थंड होते आणि, ढोबळमानाने बोलायचे तर, म्हणूनच तापमानाचा त्याच्या विद्राव्यतेवर फारसा परिणाम होत नाही. आठवी-नववीत हे आकडे नकोत, हे कबूल. अकरावीत मात्र ते वेगळ्या प्रकरणात शिकवले जातात आणि मिठाच्या धड्यात त्यांची आठवणही काढली जात नाही.

'मिठाचा रेणू' हा शब्दप्रयोगही अजून सापडतो. १९१३ मध्ये विल्यम लॉरेन्स ब्रॅग या तेवीस वर्षांच्या संशोधकाने क्ष-किरणांच्या साहाय्याने अल्कधातूंच्या हॅलाइडांची रचना उलगडली. मिठाच्या स्फटिकात प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोरीन आणि प्रत्येक क्लोरीनभोवती सहा सोडियम. कोणता सोडियम कोणत्या क्लोरीनचा, हे सांगताच येत नाही. या कामात पोटॅशियम क्लोराइडने मोठी मौज केली. त्याची क्ष-किरणांची नक्षी मिठापेक्षा साधी दिसत होती, जणू सगळे कण एकाच जातीचे. कारण पोटॅशियम आयनात आणि क्लोराइड आयनात प्रत्येकी १८ इलेक्ट्रॉन असतात आणि क्ष-किरणांना दोघे जवळपास सारखेच दिसतात. सोडियम आयनात १० असतात, म्हणून मिठात फरक उघड होतो.

सगळ्यांनी हे आनंदाने स्वीकारले, असे नाही. १९२७ मध्ये 'नेचर' साप्ताहिकात हेन्री आर्मस्ट्राँग या ज्येष्ठ इंग्रज रसायनज्ञाने 'बिचारे मीठ' अशा आशयाच्या मथळ्याखाली ब्रॅगच्या म्हणण्यावर कडाडून टीका केली. मिठात रेणूच नाहीत, बुद्धिबळाच्या पटासारखी मांडणी आहे, ही कल्पना त्यांना हास्यास्पद वाटली. गंमत अशी की, मुलांनी रसायनशास्त्र पाठ न करता स्वतः प्रयोग करून शोधत शिकावे, या पद्धतीचे इंग्लंडमधले मोठे पुरस्कर्ते हेच आर्मस्ट्राँग. त्यांना हसणे सोपे आहे. पण एवढे म्हणावे लागेल की, त्यांनी निदान वाद घातला. आमची पुस्तके एका पानावर ब्रॅगची आकृती छापतात आणि पुढच्याच पानावर रेणू लिहितात, आणि दोहोंत विसंगती आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. (मिठाच्या वाफेत रेणू असतात. पण पुस्तकाला ती वाफ अभिप्रेत नाही.)

एक गुणधर्म मात्र सरळ चुकीचा छापलेला आढळतो. 'शुद्ध मीठ हवेतील आर्द्रता शोषत नाही. बाजारातील मीठ मॅग्नेशियम क्लोराइडमुळे चिघळते.' वाक्याचा उत्तरार्ध खरा आहे. पूर्वार्ध कोठे लिहिला गेला असेल याची आम्हाला शंका आहे. कोकणात खासच नाही. प्रत्येक विद्राव्य क्षाराची आर्द्रतेची एक पायरी असते. हवेची सापेक्ष आर्द्रता तिच्याखाली असेल तर क्षार कोरडा राहतो, वर गेली की तो पाणी ओढून विरघळू लागतो. शुद्ध मिठाची पायरी सुमारे ७५ टक्के आहे, मॅग्नेशियम क्लोराइडची सुमारे ३३ टक्के. मुंबई-रत्नागिरीकडे जुलैत आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असते. तेव्हा प्रयोगशाळेतले सर्वांत शुद्ध मीठसुद्धा उघड्या बशीत चिघळते. उलट, नागपुरात मे महिन्यातल्या दुपारी आर्द्रता ३३ टक्क्यांच्याही खाली जाते. तेथे भेसळीचे मीठही खडखडीत राहील. पुस्तकाने 'शोषतो' किंवा 'शोषत नाही' असा निकाल दिला. खरे उत्तर ऋतूवर आणि गावावर अवलंबून आहे. दोन बशा आणि ओल्या-कोरड्या फुग्याचा आर्द्रतामापी एवढ्या साहित्यात हा प्रयोग वर्षभर चालवता येतो, आणि कोकणातल्या व विदर्भातल्या शाळांनी नोंदींची अदलाबदल केली तर आणखीच बरे.

'उपयोग' या भागात आयोडीनयुक्त मिठाचा उल्लेख असतो आणि बहुतेक ठिकाणी त्यात पोटॅशियम आयोडाइड घातल्याचे लिहिलेले असते. अमेरिकेत ते खरे आहे. भारतात प्रामुख्याने पोटॅशियम आयोडेट वापरतात, आणि याचे कारणही वर आलेल्या दमटपणातच आहे: ओलसर, अशुद्ध मिठात आयोडाइडचे हवेने ऑक्सिडीकरण होऊन आयोडीन उडून जाते, आयोडेट टिकते. डॉ. रामलिंगस्वामी यांनी १९५६ पासून हिमाचलमधील कांगडा खोऱ्यात गलगंडावर जो प्रसिद्ध प्रयोग केला, त्यात एका विभागाला आयोडाइडचे आणि दुसऱ्याला आयोडेटचे मीठ दिले होते. आपल्याकडे नियमाप्रमाणे गिऱ्हाइकाच्या हाती पडताना मिठात दशलक्ष भागांत निदान १५ भाग आयोडीन असावे लागते. या चुकीचा त्रास शिक्षकाला वर्गात होतो. मिठावर पिष्ठाचे द्रावण टाकले की निळा रंग येईल, अशी कृती दिलेली असते. रंग येत नाही. मुले समजतात की मीठ खोटे, किंवा सर चुकले. आयोडेट पिष्ठाला रंग देत नाही. पिष्ठाच्या द्रावणात थोडे पोटॅशियम आयोडाइड आणि थोडे सौम्य आम्ल घालावे लागते, तेव्हा आयोडेट आणि आयोडाइड यांच्या क्रियेतून आयोडीन सुटते आणि निळा रंग दिसतो. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या तपासणी संचातल्या कुपीत हेच मिश्रण असते.

एवढे सगळे शिकवायला वेळ कोठून आणायचा, असे शिक्षक विचारतील. आमचे उत्तर असे की, बरेच काढून टाका. सोडियम क्लोरीनमध्ये जाळणे काढा; उदासिनीकरण त्याच्या घरी पाठवा; उपयोगांची यादी मुले स्वतः करतील. उरलेल्या तासांत एक लिटर पाणी आटवा. 'मिठाचे गुणधर्म लिहा, गुण ४' हा प्रश्न जोवर येत राहील तोवर हे कोणी करणार नाही, हेही आम्ही जाणतो. प्रश्नपत्रिका काढणारे या अंकाचे वाचक असतात, म्हणून लिहिले.

शिबिरातल्या त्या शिक्षकांचे पुढे पत्र आले. त्यांनी नववीच्या घटक चाचणीत एक प्रश्न घातला होता: 'मिठाच्या वाफ्यात घनतामापी ३० अंश दाखवत आहे. पाणी सोडून द्याल की आणखी आटवाल? कारण लिहा.' ज्यांच्या घरी मिठागराचे काम झालेले आहे त्या मुलांनी 'सोडून देऊ' असे लिहिले आणि कारणाची जागा कोरी ठेवली. बाकीच्यांनी 'आणखी आटवू' असे लिहून खाली पुस्तकातली ओळ कारण म्हणून दिली. आता दोन्हीकडच्या मुलांना जोडीजोडीने बसवून ते पाणी आटवणार आहेत आणि शाळेत घनतामापी नाही, असे त्यांनी कळवले होते. आमच्याकडे एक जादा होता, तो पाठवून दिला.